विंगेतून दिलेली ओळ

रविवार, २८ सप्टेंबर १९९७

अखेर सुरू झाली. वाचनालयाच्या माडीवर, दुपारी दोन वाजता, नाट्यलेखन कार्यशाळा. पेणमध्ये असलं काही याआधी झाल्याचं मला तरी आठवत नाही. गणपतीच्या आधी घेता येत नव्हती, कारण जवळच्या जोहे गावचा प्रविण मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो आणि त्या दिवसांत त्याला जेवायलाही सवड नसते. फळ्यावर महिनाभर सूचना लावली होती. नावं नऊ आली, माणसं चार. त्यातले एक निवृत्त गृहस्थ वर नवा पंखा बसवलाय असं ऐकून आले होते. ते झोपले, उठले आणि गेले.

उरले तीन. प्रविण, रोह्याहून येणारा नितेश आणि मैना. नितेश कंपनीत शिफ्टला असतो. मैना धरमतरच्या खाडीकाठच्या कोनखारची, बारावी झालेली, बालवाडीवर मदतनीस. वय एकवीस-बावीस. दोन वर्षं नाटकांची पुस्तकं नेते आणि वेळेवर परत आणते, एवढीच माझी तिची ओळख.

वैशाली म्हणाली, "स्वतःचं नाटक स्पर्धेत अकरात अकरावं आलं, आता दुसऱ्यांना शिकवा." बायको आहे, बोलायचा हक्क आहे तिला. पण मला एकदा दाखवून द्यायचंय. ग्रंथपाल म्हणून लोकांची पुस्तकं फडताळात लावण्यातच माझा जन्म गेला. माझ्या हाताखालून एक तरी खरं नाटक उभं राहिलेलं मला बघायचंय.

नियम एकच घातला. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं.

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रविणनं राजदरबार आणला. विचारलं, दरबार कुठे पाहिलास? म्हणाला, कॅलेंडरवर. नितेशच्या नाटकात नायक आणि नायिका पहिल्याच पानावर मरतात, पुढे काय करायचं ते त्याला सुचेना.

मैनाची चार पानं मात्र ऐकतच राहिलो. तिच्या नाटकाचं नाव 'बांध'. गावाची भातशेती खारबांधाच्या आत, बाहेर खाडी. उधाण असलं की भरती उतरेपर्यंत एकेका घरानं आळीपाळीनं बांधावर राखण करायची. कुठे पाणी झिरपताना दिसलं की हाक घालायची, मग अख्खा गाव चिखलाची ढेकळं घेऊन धावतो. एका वर्षी ती हाकच आली नाही. बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं आणि तीन वर्षं जमीन पिकली नाही. राखण होती रामा नावाच्या माणसाची. तो म्हणतो, मी तापानं फणफणलो होतो, शेजाऱ्याला माझ्या जागी जायला सांगितलं होतं. शेजारी म्हणतो, मला कुणी काही सांगितलंच नाही. गावकी रामाला वाळीत टाकते.

वाचताना मैना मान वर करत नाही. भिडस्त आहे. सवयीनं जाईल.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज 'बांध'वरच तीन तास गेले. शेवट लंगडा आहे. रामा वाळीत पडतो आणि पडदा. मी म्हटलं, "मैना, दोघांतला एक खोटं बोलतोय. कोण, ते प्रेक्षकाला कळायला हवं. निरोप गेला होता की नव्हता? गेला असेल तर तो नेणारा कुणीतरी असणार. तो कुठे आहे?"

ती पानांच्या कडा दुमडत राहिली. मी पुन्हा विचारलं. नितेश म्हणाला, "सर, जाऊ द्या ना, तिला नाय सुचत." मी म्हटलं, सुचायलाच हवं, त्याशिवाय हे नाटक नाही, बातमी आहे. जरा जोरातच बोललो असेन. ती पाणी प्यायला म्हणून खाली गेली ती अर्ध्या तासानं आली, डोळे लाल करून. लेखकाला थोडं रडवावं लागतं. मला कुणी रडवलं नाही, म्हणून तर मी अकरावा आलो.

रविवार, २६ ऑक्टोबर

काय शेवट आणलाय पोरीनं! माझ्या एका प्रश्नावर अख्खं नाटक उलगडलं.

निरोप नेणारी आहे शेजाऱ्याची तेरा वर्षांची मुलगी. रामाची बायको तिला अंगणात सांगते, तुझ्या बापाला म्हण, आज राखणीला जा, आमचा माणूस तापानं पडलाय. मुलगी बापाला सांगते. बाप 'जातो' म्हणतो आणि वाटेत ताडीच्या गुत्त्यावर बसतो. बांध फुटतो. गावकी बसते, मुलीला मधे उभी करतात. बाप समोर बसलेला. ती म्हणते, "नाय. मना कोनीच काय सांगलां नाय." पडदा.

मी म्हटलं, "मैना, ही कल्पनाशक्ती कुठे लपवली होतीस?" तिनं पानं घाईनं दुमडून पिशवीच्या तळाशी कोंबली. पहिल्यांदा एवढी दाद मिळाली की असं होतं.

घरी येऊन वैशालीला सगळी गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या मुलीला विचारलंत का, हे कुणाचं आहे?" मी म्हटलं, कुणाचं म्हणजे? तिचंच.

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवाळीमुळे मधला एक रविवार खाडा. आज सगळ्यांपुढे प्रस्ताव ठेवला: 'बांध'चं अभिवाचन करायचं. हातात संहिता घेऊन, स्टूल मांडून, प्रकाश आणि आवाज फक्त. मैना दचकली. म्हणाली, "सर, पेनला नको." मी म्हटलं, मग कुठे? म्हणाली, "रोह्याला करा. तिकडं आमच्यातला कोनी येत नाय."

"पण करायचं ना?"

"व्हय. एकदा मोठ्यानं बोलून बघायचंय."

जाताना जिन्यात थांबून विचारलं, "सर, नाटकात बोललेलं पुरावा धरतात काय?" मला हसूच आलं. म्हटलं, वेडी आहेस, मग निम्मे नट तुरुंगात असते. तीही हसली. मी शब्द दिला, रोह्याला तुमच्यातलं कुणी नसेल. नवख्या लेखकाला घरच्यांसमोर लाज वाटते, मलाही वाटायची.

रविवार, २३ नोव्हेंबर

नितेशबरोबर रोह्याला जाऊन आलो. तिथल्या नाट्यमंडळाचे हैबतराव वयानं सत्तरीचे, आवाजानं तिशीचे. कुंडलिकेच्या काठी बसून त्यांना पूर्ण नाटक वाचून दाखवलं. शेवटाला त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "कमळाकर, हे तुम्ही घडवलंत." मी नको नको म्हटलं. फार नाही म्हटलं.

१४ डिसेंबर, रविवार, दुपारी चार. मंडळाचा हॉल मिळाला. छोटा रंगमंच आहे, दोन्ही बाजूंना विंगा आहेत.

रात्री नकला उतरवायला बसलो. ज्याच्या त्याच्या वाट्याचे संवाद त्याच्या त्याच्या कागदावर. रामा आणि गावकीचा म्होरक्या नितेश वाचेल, बाप प्रविण, रामाची बायको वैशाली. तिला कशीबशी पटवली. मुलगी अर्थात मैनाच. ती 'दुसरं काहीपण द्या' म्हणत होती. मी ऐकलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

आज एक झकास कल्पना सुचली आणि लगेच अमलातही आणली.

रोह्याचा हॉल दोनशेचा. हैबतराव फार तर साठ जमवतील. आणि खारबांधावरचं नाटक, ते खारबांध न पाहिलेल्या माणसांपुढे वाचायचं? कोनखारची माणसंच न्यायची. मैनाला काही सांगायचं नाही. तिला कळेल तेव्हा ती रंगमंचावर असेल आणि समोर तिचं गाव. मी शब्द दिला होता हे खरं. पण असला शब्द मोडल्याबद्दल पुढे माणूस आभारच मानतो.

मैना बालवाडीच्या प्रशिक्षणाला गेली आहे हे ठाऊक होतं, म्हणून आजच कोनखारला गेलो. गावाच्या कडेला, इतर घरांपासून सुटं एक घर आहे, तिथे एक बाई जाळं विणत बसली होती. गुणाजीचं घर कुठलं म्हणून विचारलं. गुणाजी म्हणजे मैनाचे वडील. तिनं हातानंच दाखवलं. मी तिलाही आमंत्रण दिलं, टेम्पो पाठवतोय म्हटलं. म्हणाली, "मना कोन गारीत घेनार?" मी म्हटलं, मी घेतो की! नाव विचारलं, तर धोंडुबाई.

गुणाजी भला माणूस. मिठागरावर राबलेला, पाय फुटलेले, बोलणं कमी. म्हणाला, "पोरीनं काय लिवलंय, सायेब?" मी म्हटलं, गावावर लिहिलंय, बांधावर. त्यानं टाचेवरचा सुकलेला चिखल खरवडला. "मग ठीक. बांधाव लिवायलाच पायजे." त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं मी तिथेच ठरवलं.

सोमवार, १५ डिसेंबर

काल लिहायला बसवलं नाही. आज जसं झालं तसं लिहितो.

टेम्पो एक वाजता कोनखारला गेला. तीसेक माणसं आली. धोंडुबाई शेवटी आली, तिला मी हात देऊन वर घेतलं. सगळ्यांनी सरकून तिला ऐसपैस जागा करून दिली, मधे हातभर अंतर ठेवून. म्हाताऱ्या माणसाचा मान राखणारे लोक, असं मला वाटलं. हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण मला तसंच वाटलं होतं.

मैना सकाळच्या गाडीनं पुढे गेली होती. पडद्यामागे असल्यामुळे तिला काही कळलं नाही. पडदा उघडला, मी दोन शब्द बोललो आणि लेखिकेच्या वडिलांना वर बोलावलं. हैबतरावांनी गुणाजीला शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. विंगेत मैना भिंतीला धरून उभी होती. मला म्हणाली, "सर, तुमी बोललेलात." एवढंच. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी इथेच आहे, अडलीस तर ओळ देतो.

वाचन सुरू झालं. गावातली माणसं सुरुवातीला हसत होती. "ही आपली उघाडी, ह्यो आपला पिंपल." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. मग रामाचा ताप आला. वैशालीनं अंगणातला निरोप वाचला, तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, पकड बसली.

शेवटचा प्रवेश. गावकी. नितेशनं विचारलं, "बोल पोरी, तुना निरोप दिल्ता काय?"

मैनानं कागदावरून मान वर केली. पहिल्यांदाच. समोर बघत राहिली. मला वाटलं ओळ विसरली. मी विंगेतून दिली, "नाय. मना कोनीच काय सांगलां नाय." मी पुन्हा दिली, जरा मोठ्यानं. पहिल्या रांगेला ऐकू गेली असणार.

मैनानं कागद खाली ठेवले. म्हणाली, "सांगलां व्हतां. धोंडुकाकीनं अंगनात सांगलां व्हतां. मी बापाला सांगलां. बाप नाय गेला. गावकीत मी खोटा बोललू. पुंडलिककाकाचा काय बी चुकला नव्हता."

रोह्याच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हैबतराव उभे राहिले. कोनखारच्या माणसांतला एकही हात हलला नाही. धोंडुबाई उठली आणि कुणाकडेही न बघता बाहेर जाऊन टेम्पोत बसली. गुणाजी शाल पांघरून तसाच होता.

मला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी राग आला. संहितेबाहेर गेली म्हणून. वैशाली माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अजून ओळ देताय?"

बुधवार, २४ डिसेंबर

रविवारी कार्यशाळेला कुणीच आलं नाही. आज मैना पुस्तक परत करायला आली. वेळेवर. खुर्चीवर बसली नाही.

तिच्याकडून कळलं ते असं. सगळं आठ वर्षांपूर्वीचं. पुंडलिक हा धोंडुबाईचा नवरा. वाळीत पडल्यावर दुसऱ्या वर्षी गेला, काविळीनं. शेवटपर्यंत तो एकच सांगत होता, मी निरोप धाडला होता. घर अजूनही वाळीत आहे. कुणी विस्तव देत नाही, लग्नाला बोलवत नाही. आता गावकी अमावस्येला बसणार आहे, गुणाजीच्या घराचा निवाडा करायला.

मी म्हटलं, "मी येतो. सांगतो त्यांना, नाटक म्हणजे कल्पना. तू भावनेच्या भरात बोललीस."

"नको, सर."

"अगं, तुझ्या वडिलांचा विचार कर."

"आठ वर्सं त्यांचाच केला." मग म्हणाली, "तिकडं परक्यांच्या समोर एकदा बोलायचं व्हतं. म्हंजे छाती जरा हलकी झाली असती, न घरात पण कोनाला काय झालं नसतं. तेवढंच पायजे व्हतं मना."

मी तिचं पुस्तक जमा करून घेतलं आणि कार्डावर शिक्का मारला.

सोमवार, २९ डिसेंबर, अमावस्या

रजा टाकून गेलो. ती नको म्हणाली होती तरी गेलो. दुपारी देवळापुढे गावकी बसली होती. गुणाजी मधे उकिडवा, मैना त्याच्या मागे उभी. धोंडुबाईला आठ वर्षांत पहिल्यांदा बोलावणं गेलं होतं. ती आली, पण सगळ्यांत लांब बसली.

मी हात जोडून सांगितलं की मी तिचा नाटकाचा शिक्षक आहे, शेवट मी सुचवला, नाटक म्हणजे रचलेलं असतं, पोरगी निर्दोष आहे. पाच मिनिटं चांगलं बोललो. म्होरक्यांनी ऐकून घेतलं आणि मैनाला विचारलं, "पोरी, सर बोलतात ता खरा काय?"

गुणाजीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. मला त्याचा चेहरा दिसला नाही.

"नाय," मैना म्हणाली. "सर रचतात. मी रचला नाय."

निवाडा व्हायला वेळ लागला नाही. पुंडलिकाचं घर गावात परत. गुणाजीचं घर बाहेर. त्याच्या हाताचं पाणी नाही, त्याच्या दारी जाणं नाही, सुख-दुःख नाही. कुणीतरी धोंडुबाईला विचारलं, "तुना काय बोलायचा हाय काय?" ती म्हणाली, "आता कनाला बोलू?" आणि उठून गेली.

परतताना एसटीत मी मनाशी म्हणत होतो की सत्य तर बाहेर आलं. वडखळच्या नाक्यापर्यंत म्हणत होतो.

मंगळवार, ६ जानेवारी १९९८

हैबतरावांचं पत्र. 'बांध'चा पूर्ण प्रयोग करू, स्पर्धेला उतरवू, शेवट मात्र त्या दिवशी झाला तसाच ठेवायचा. दोनदा वाचलं. उत्तर दिलेलं नाही. 'नाही' असंही लिहिलेलं नाही, ते इथे नोंदवून ठेवतो. वैशाली माझ्याशी कामापुरतं बोलते.

सोमवार, १९ जानेवारी

सकाळी सातला शेजाऱ्यांकडे नितेशचा फोन आला. गुणाजी गेला. मैनानं नाक्यावर येऊन त्याला फोन केला होता, कारण गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. अमावस्येनंतर त्यानं अन्न टाकलं होतं. रोज भरतीला बांधावर जाऊन बसायचा, राखण कुणाचीही असो. ज्याची असे तो त्याला बघून दुसऱ्या टोकाला जायचा. काल तिथेच आडवा पडलेला मैनाला सापडला. तिनं आणि आईनं ओढत घरी आणला.

मी, नितेश, प्रविण असे तिघं पोचलो. गावातली सगळी दारं लावलेली, आतून भांड्यांचे आवाज येत होते. बांबू प्रविणनं जोह्याहून आणले होते, तिरडी त्यानंच बांधली. तिला चौथा खांदा नव्हता. मैनानं पदर खोचला आणि मागच्या बाजूला लागली. आई मडकं धरून पुढे. वाटेत कुणी भेटलं नाही. जड होता गुणाजी, एवढा वाळलेला असूनही. मला दोनदा थांबायला लागलं.

गावाच्या कडेला धोंडुबाईच्या घरापाशी आलो, तर ती दारात उभी होती. आम्ही थांबलो. मला वाटलं, आता ही पुढे येईल, मैनाला जवळ घेईल. खरंच वाटलं, आणि माझे डोळेही भरले.

ती मैनाकडे बघून म्हणाली, "माज्या मानसाला आमी दोगांनीच नेला गो, मी न माजा भाव. तुना चार हायत."

आणि दार लावून घेतलं.

मैना खांदा बदलून म्हणाली, "चला सर."

संध्याकाळी घरी पोचलो. वैशालीनं अंगणात आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, आत येऊ नका म्हणाली. मी तिला ओलांडून तसाच आत आलो, टेबलावरचा पेन घेतला आणि धोंडुबाईचं ते वाक्य आधी लिहून काढलं, एक शब्दही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. आंघोळ त्यानंतर केली.